३१ टेस्ट हिरव्या, तरी पावतीवर 'नॅन': कंट्रोलरच्या युनिट टेस्टमध्ये नेमकं तपासायचं काय?

निफाडची | सोमवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरमधल्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागून मला आठ महिने झाले. नोड आणि एक्सप्रेसवर (जावास्क्रिप्टमधली वेब सर्व्हरची अवजारं) काम करते, टेस्टसाठी जेस्ट, डेटाबेस पोस्टग्रेस. कॉलेजात टेस्टिंगचा अख्खा विषय होता, व्हाइट बॉक्स-ब्लॅक बॉक्सच्या व्याख्या अजून पाठ आहेत, पण एकही टेस्ट स्वतःच्या हाताने लिहिलेली नव्हती.

आमच्याकडे एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यासाठी आवक नोंदवायचं ॲप आहे. गाडी आली की मुनीमकाका मोबाइलवर शेतकऱ्याचं नाव, गाडी नंबर, क्विंटलमध्ये वजन आणि भाव टाकतात, पावती तयार होते. सीनियर दादा म्हणाले, कंट्रोलरच्या, म्हणजे आलेली रिक्वेस्ट घेऊन उत्तर पाठवणाऱ्या कोडच्या, युनिट टेस्ट (एकेक तुकडा वेगळा तपासणाऱ्या) तू लिही. दोन आठवडे बसून ३१ लिहिल्या. सर्व्हिस (डेटाबेसशी बोलून खरं काम करणारा भाग) मॉक केली, म्हणजे तिच्या जागी खोटी ठेवली, रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स खोटे बनवले. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये चाललेल्या ओळींचं प्रमाण, ९२ टक्के.

गेल्या गुरुवारी खळ्यावरून फोन आला, दिवसाच्या एकूण आवकेच्या जागी 'नॅन' दिसतंय. शोधता शोधता संध्याकाळ झाली. काकांचा कीबोर्ड त्या दिवशी मराठीवर होता आणि त्यांनी वजनात '२५' असं देवनागरीत टाकलं होतं. जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला देवनागरी अंक कळत नाहीत, ते नॅन देतं, म्हणजे 'नॉट अ नंबर'. माझ्या कंट्रोलरमध्ये तपासणी होती की वजन शून्य किंवा त्याहून कमी असेल तर ४०० (रिक्वेस्ट चुकीची) पाठव. पण नॅन शून्याहून लहान आहे का विचारलं तरी 'नाही', शून्याएवढा आहे का विचारलं तरी 'नाही'. तो तपासणीतून सरळ पुढे गेला. पोस्टग्रेसच्या न्यूमरिक कॉलममध्ये नॅन बसतो, आणि बेरजेत एक जरी आला तरी सगळी बेरीज नॅन.

दादा रागावले नाहीत. "टेस्ट होत्या ना गं?" एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

काल माझ्याच टेस्ट पुन्हा वाचल्या. बऱ्याचशा अशा आहेत: मॉक सर्व्हिसला सांगायचं की 'अमुक पावती दे', मग कंट्रोलरला हाक मारायची, आणि शेवटी तपासायचं की अमुक पावती आली का. मीच दिलेलं मीच परत मोजून घेते आहे. मग कंट्रोलरच्या टेस्टमध्ये तपासायचं तरी काय? जाणकारांनी समजावून सांगा.

---

कडक_मिसळ | सोमवार, रात्री ९:३१

पहिल्या आठ महिन्यांत नॅनचा माग काढत पोस्टग्रेसपर्यंत पोचलीस, हेच खूप झालं. वाचतोय.

---

पंचवटी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९:५८

माझं मत सरळ आहे. खोटी रिक्वेस्ट आणि खोटा रिस्पॉन्स घेऊन कंट्रोलरची टेस्ट लिहूच नये. सुपरटेस्ट घ्या, खरीखुरी एचटीटीपी रिक्वेस्ट मारा आणि काय परत येतं ते बघा.

कारण सांगतो. आमच्याकडे 'आवक/आज' असा एक मार्ग (ॲपमधला पत्ता) होता आणि 'आवक/आयडी' असा दुसरा. कुणीतरी फाइलीत दोघांची जागा बदलली, आयडीवाला वर गेला. एक्सप्रेस वरून खाली बघत येतं, पहिला जुळला तो घेतं. त्याने 'आज' हाच आयडी समजून डेटाबेसमध्ये शोधला आणि ४०४ दिला. दोन्ही कंट्रोलर फंक्शनच्या युनिट टेस्ट हिरव्याच होत्या, कारण टेस्ट फंक्शनला थेट हाक मारते, रस्त्याने येतच नाही. जेसन वाचणारं मिडलवेअर (कंट्रोलरच्या आधी चालणारा कोड), लॉगिन, एरर हँडलर, सगळं असंच बाहेर राहतं.

रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कवाल्यांनीही कंट्रोलरच्या आत डोकावून बघणाऱ्या 'असाइन्स'सारख्या सोयी २०१६ साली रेल्स ५ मध्ये मुख्य फ्रेमवर्कमधून काढून वेगळ्या जेममध्ये (लायब्ररीत) टाकल्या. त्यांना ते उगाच सुचलं नाही.

एक लक्षात ठेव. ॲप तयार करणं आणि पोर्टवर ऐकायला बसवणं या दोन गोष्टी वेगळ्या फाइलींत ठेव. एकत्र असल्या की प्रत्येक टेस्ट फाइल तोच पोर्ट मागते आणि 'ॲड्रेस इन यूज' म्हणून सगळं अडतं, नाहीतर जेस्ट संपतच नाही.

---

ब्रह्मगिरी | सोमवार, रात्री १०:४०

पंचवटी, तुमचा रस्त्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण एक विचारतो. निफाडचीने ३१च्या ३१ टेस्ट सुपरटेस्टने लिहिल्या असत्या, तरी हा नॅन सापडला असता का? नसता. '२५' देवनागरीत टाकून बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मग हत्यार कुठलं का असेना.

आता मूळ प्रश्न. मी शिकाऊ मुलांना एकच गोष्ट करायला लावतो. कंट्रोलरचं फंक्शन समोर ठेवा, हातात पेन घ्या आणि कंट्रोलर *स्वतः* जिथे काही ठरवतो त्या ओळींखाली रेघ मारा. आलेली माहिती स्वीकारायची की परत पाठवायची, हे तो ठरवतो. सर्व्हिसला कुठल्या किमती द्यायच्या, हे तो ठरवतो. सर्व्हिस म्हणाली 'असा शेतकरीच नाही' तर त्याचं ४०४ करायचं, 'ही पावती आधीच आहे' म्हणाली तर ४०९, हे भाषांतर त्याचं. बाकी सगळं तो नुसतं इकडून तिकडे नेतो. ज्या ओळींखाली रेघ आहे तेवढ्याचीच टेस्ट लिहायची.

'मॉकने दिलेली पावती परत आली का' या टेस्टखाली रेघ कुठे आहे? नाहीच. म्हणून ती टेस्ट तुला पोकळ वाटते, आणि बरोबरच वाटते. त्याच प्रसंगात असं विचारून बघ: सर्व्हिसला वजन *आकडा* म्हणून मिळालं की अक्षरांची माळ म्हणून? स्टेटस २०१ (नवी नोंद झाली) आला की चुकून २००? वजन नाकारलं तेव्हा सर्व्हिसला हाक गेलीच नाही ना? हा शेवटचा प्रश्न नवे लोक हमखास विसरतात. ४०० पाठवला आणि पुढे 'रिटर्न' लिहायचं राहिलं, तर ग्राहकाला ४०० जातो आणि नोंदही होते. नुसता स्टेटस तपासणाऱ्या टेस्टला त्याचा पत्ता लागत नाही.

आणि मॉक वाईट नसतात. 'डेटाबेस बंद पडला तर काय' हे खऱ्या डेटाबेसवर घडवून आणायला बराच खटाटोप लागतो. मॉकला एका ओळीत सांगता येतं की आता एरर फेक. एक्सप्रेस ४ मध्ये हे तपासायलाच हवं. तिथे असिंक (उत्तराची वाट बघत चालणाऱ्या) फंक्शनमधून फेकलेली एरर एक्सप्रेस स्वतः पकडत नाही, रिक्वेस्टला उत्तरच जात नाही. एक्सप्रेस ५ मध्ये ती आपोआप एरर हँडलरकडे जाते. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे?

---

निफाडची | सोमवार, रात्री १०:५२

४ आहे, दादा. आणि रिटर्न एका ठिकाणी नाहीये. आत्ताच बघितलं.

---

सातपूर_कॉलनी | सोमवार, रात्री ११:०५

मी दीड वर्षापूर्वी याच ठिकाणी अडले होते. पहिले तीन दिवस तर खोटा रिस्पॉन्स बनवण्यातच गेले. सारखं यायचं की 'अनडिफाइन्डमधून जेसन वाचता येत नाही'. मग कळलं की 'स्टेटस'ला हाक मारल्यावर तो रिस्पॉन्स स्वतःलाच परत देतो, म्हणून तर पुढे 'जेसन' जोडता येतं. माझा खोटा स्टेटस काहीच परत देत नव्हता. 'मॉक रिटर्न धिस' लिहिलं आणि सुटलं. कुणी नवीन वाचत असेल तर त्याचे तीन दिवस वाचतील म्हणून लिहिलं.

दुसरं, दोन टेस्टच्या मध्ये मॉक साफ करा. नाहीतर आधीच्या टेस्टमधल्या हाका पुढच्या टेस्टमध्ये मोजल्या जातात. एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की नापास.

---

गेजवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

मी तुमच्या लाइनीतला नाही. अंबडला माझं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने रात्री हा धागा वाचून दाखवला. लिहिल्यावाचून राहवेना.

समजा पार्टला २० एमएमचा एच-७ बोअर आहे. म्हणजे भोक २०.०००च्या खाली नको आणि २०.०२१च्या वर नको. एकवीस मायक्रॉनची मुभा. दर पीसला मायक्रोमीटर लावत बसलो तर दिवस पुरणार नाही, म्हणून प्लग गेज असतो. त्याला दोन टोकं. 'गो' टोक भोकात गेलं पाहिजे. 'नो-गो' टोक जाता कामा नये. दोन्ही बघितलं तरच पीस पास.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक नवा पोरगा रात्रपाळीला होता. मेहनती, प्रामाणिक. त्याने अख्ख्या पाळीत फक्त गो टोक घालून बघितलं. प्रत्येक पीसमध्ये ते छान जात होतं. जाणारच, टूलचं सेटिंग हललं होतं आणि बोअर मोठे होत चालले होते. सकाळी त्याच्या टेबलावर सगळे पीस 'पास', आणि मी नो-गो घातला तर तोही गटकन आत. पूर्ण लॉट लाल डब्यात गेला.

बेटा, तुझ्या ३१ टेस्टमध्ये नो-गो किती आहेत ते मोज. 'चांगलं वजन दिलं, पावती झाली' हे सगळं गो टोक.

आणि अजून एक. माझ्या ड्रॉवरमध्ये एक लाल रंग मारलेला पीस आहे, मुद्दाम मोठ्या बोअरचा. पाळी सुरू झाली की ऑपरेटरने आधी त्यात नो-गो घालायचा. आत गेला पाहिजे. नाही गेला तर गेज चुकीचा उचललाय. गेज वाईट पीस पकडतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याने चांगला पीस तपासायचा नाही. तुमच्यात असा लाल पीस असतो का?

---

ब्रह्मगिरी | मंगळवार, सकाळी ८:०२

काका, असतो, आणि आमच्यातले निम्मे लोक तो ड्रॉवरमधून काढत नाहीत.

निफाडची, काकांचा लाल पीस असा करायचा: टेस्ट हिरवी झाली की कोडमध्ये जाऊन ती तपासणीची ओळ मुद्दाम बिघडव. 'शून्याहून कमी'चं 'शून्याहून जास्त' कर, ४०४ च्या जागी ५०० लिही, रिटर्न काढून टाक. टेस्ट लाल झाली तर ती खरी. हिरवीच राहिली तर ती टेस्ट काहीच पकडत नाही. हेच काम आपोआप करणारी अवजारं आहेत, जावास्क्रिप्टला स्ट्रायकर, जावाला पिट. पण सुरुवातीला हातानेच कर, दिसतं जास्त.

---

डॉटनेट_देवळाली | मंगळवार, सकाळी ९:४४

आमच्या एएसपी डॉट नेट कोअरमधली (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) एक फसगत सांगतो. कंट्रोलरची मेथड टेस्टमधून थेट बोलावली की मॉडेलवरची व्हॅलिडेशन (माहितीची तपासणी) चालतच नाही. 'मॉडेलस्टेट', म्हणजे त्या तपासणीचा निकाल, आपला 'वैध' म्हणूनच उभा. आमच्या टीममध्ये एकाने नाव रिकामं पाठवून टेस्ट लिहिली, ती नापास झाली म्हणून त्याने तीच तपासणी कंट्रोलरमध्ये हाताने पुन्हा लिहिली. व्हॅलिडेशन तपासायची तर 'वेब ॲप्लिकेशन फॅक्टरी'ने पूर्ण रस्त्यानेच यावं लागतं. इथे मी पंचवटींच्या बाजूने.

---

जावा_जेलरोड | मंगळवार, सकाळी १०:१०

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये 'वेब एमव्हीसी टेस्ट' आणि 'मॉकएमव्हीसी' हा मधला मार्ग आहे. सर्व्हर उभा राहत नाही, डेटाबेस नाही, पण मार्ग, व्हॅलिडेशन, एरर हँडलर सगळं खरं चालतं. सर्व्हिस तेवढी मॉक. सिक्युरिटी लावलेली असेल तर पोस्ट रिक्वेस्टबरोबर सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आल्याची खूण) द्यायला विसरू नका. ४०३ येतो आणि माणूस आपला कंट्रोलर उलटापालटा करत बसतो. आणि स्प्रिंग बूट ३.४ पासून 'मॉकबीन' मोडीत काढून त्याच्या जागी 'मॉकिटोबीन' आलंय, जुने धडे वाचताना गोंधळ होईल.

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:३०

जरा वेगळा पण याच घरातला किस्सा. मी घरून रात्री काम करते, मुलं झोपल्यावर. एक टेस्ट रात्री बारानंतर नापास व्हायची आणि सकाळी उठून बघावं तर पास. नवऱ्याला म्हटलं, ही टेस्ट माझ्यासारखी थकतेय.

कंट्रोलर पावतीची तारीख 'टू आयएसओ स्ट्रिंग'मधून पहिली दहा अक्षरं कापून घेत होता. ती तारीख यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची असते. टेस्टमध्ये मी अपेक्षित तारीख लॅपटॉपच्या घड्याळावरून घेतली होती, म्हणजे आपली. आपण साडेपाच तास पुढे. रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात आपल्याकडे नवी तारीख लागलेली असते आणि यूटीसीत कालचीच चालू असते. चूक टेस्टची नव्हती, कोडची होती.

निफाडची, तुमच्या खळ्यावर पहाटेच्या गाड्या येतात का? येत असतील तर आजच बघ. टेस्टमध्ये खरं घड्याळ वापरू नकोस, जेस्टची खोटी घड्याळं आहेत, त्यांत पहाटे चारची वेळ लावून बघ.

---

निफाडची | मंगळवार, दुपारी १:४८

ताई, पहिली गाडी साडेचारला येते. आणि आमच्याकडे तीच दहा अक्षरं कापलेली आहेत. पोटात गोळा आला. आत्ता दादांना दाखवते.

---

कडक_मिसळ | मंगळवार, दुपारी १:५५

या धाग्याने एका दिवसात दोन बग काढले. मिसळ माझ्याकडून, पापड आणि जास्तीच्या रश्श्यासकट. येणाऱ्यांनी हात वर करा.

---

सातपूर_कॉलनी | मंगळवार, दुपारी २:०३

हात वर. पण काळ्या मसाल्याचीच हवी.

---

मोसमकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मिसळीवरून परत टेस्टवर येतो. टेस्टची नावं मराठीत लिहा. जेस्टमध्ये नाव म्हणजे साधी स्ट्रिंग, देवनागरी व्यवस्थित चालतं. जावाच्या जेयुनिट ५ मध्ये 'डिस्प्ले नेम' आहे. मी मालेगावच्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी हिशेबाचं काम करतो, माझी नावं अशी: 'मीटर शून्य असेल तर नोंद होत नाही आणि कारण सांगते'. मालक एकदा शेजारी बसले होते. स्क्रीनवरच्या हिरव्या ओळी वाचून म्हणाले, "आणि मीटर बरोबर पण बीम नंबर चुकला तर?" ती केस माझ्याकडे नव्हती. 'शुड रिटर्न ४००' लिहिलं असतं तर ते बोललेच नसते.

---

भद्रकाली | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

मला एक समजत नाही. ९२ टक्के कव्हरेज असून हे झालं, तर कव्हरेजचा हट्ट कशाला? आमच्याकडे ८० टक्क्यांच्या खाली कोड घेतच नाहीत.

---

ब्रह्मगिरी | मंगळवार, रात्री ९:३०

भद्रकाली, कव्हरेज फक्त एवढंच सांगतं की ती ओळ चालली. 'वजन शून्य किंवा कमी' ही ओळ तिच्या टेस्टमध्ये दहा वेळा चालली असेल. नॅन घेऊन एकदाही चालली नाही. कुठे पायच पडला नाही हे शोधायला कव्हरेज कामाचं. ८० गाठायचं म्हणून लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात, त्यापेक्षा ६० परवडलं. हे माझं मत, तुमच्या मॅनेजरला दाखवू नका असं म्हणणार नाही, अवश्य दाखवा.

---

लासलगाव_फाटा | बुधवार, सकाळी ८:४०

मी प्रोग्रामर नाही, आमचं स्वतःचं कांद्याचं खळं आहे. सगळे लिहिताय की देवनागरी अंक 'पकडायचा'. पण पकडून करायचं काय, ते कुणी बोललं नाही.

लिलाव झाल्यावर गाड्या एकामागून एक काट्यावर लागतात. मुनीम उभ्या उभ्या एका हाताने मोबाइल धरून टाकतो. शेतकऱ्याचं नाव मराठीत लिहायचं असतं, म्हणून कीबोर्ड मराठीवरच असणार. नाव लिहून झालं की वजनासाठी कीबोर्ड बदलायला त्याला वेळ नसतो. त्याने २५.४० टाकलं आणि तुमचं ॲप लाल अक्षरात म्हणालं 'वजन अवैध', तर तो ॲप बंद करून वही काढेल. त्याची चूक काय? त्याने बरोबरच वजन लिहिलंय.

आणि भाव आम्ही स्वल्पविराम घालून लिहितो, १,२५० असा. तेही बघा.

---

पंचवटी_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी ९:१२

लासलगाव, हे फार मोलाचं बोललात. स्वल्पविराम घातलेला आकडाही जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला नॅनच वाटतो, मग अंक इंग्रजी असले तरी. म्हणजे भावाच्या खान्यातही तेच भगदाड आहे. गंमत म्हणजे पायथनचं 'इंट' देवनागरी '२५' सरळ २५ म्हणून वाचतं, आणि पीएचपीत इंटमध्ये बदललं की शून्य मिळतं. तीन भाषा, तीन उत्तरं.

निफाडची, डेटाबेसच्या भरवशावरही राहू नकोस. 'वजन शून्याहून जास्त हवं' अशी अट पोस्टग्रेसमध्ये घातली तरी नॅन आत येईल, कारण पोस्टग्रेस नॅनला सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा मानतं.

---

गोदातीर | बुधवार, दुपारी १२:२५

मधेच थोडा इतिहास, विषय निघालाच आहे तर. एमव्हीसीची (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) कल्पना ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडली. तेव्हा कंट्रोलरचं काम माणसाकडून येणारे इशारे, म्हणजे कीबोर्ड आणि माउस, समजून घेऊन पुढे पोचवायचं होतं. मुनीमकाकांच्या कीबोर्डवर अडखळलेला कंट्रोलर वाचून तेच आठवलं. आणि जेयुनिट १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून लिहायला घेतलं.

---

सातपूर_कॉलनी | बुधवार, दुपारी १२:४०

विमानात जेयुनिट लिहून होतं, आणि आपल्याला द्वारका चौक ओलांडेपर्यंत एक टेस्ट होत नाही.

---

निफाडची | शनिवार, रात्री ८:१०

चार दिवस गप्प होते कारण सगळं करून बघत होते. सविस्तर लिहिते.

आधी गेजवाला काकांचा लाल पीस. ३१ टेस्ट समोर घेतल्या आणि एकेका कंट्रोलरची एकेक ओळ बिघडवत गेले. ३१ पैकी १९ हिरव्याच राहिल्या. काका, नो-गो मोजले. चार होते.

त्या १९ मध्ये सहा टेस्ट तर अशा निघाल्या की त्या काही तपासतच नव्हत्या. कंट्रोलर असिंक आहे आणि मी टेस्टमध्ये 'अवेट' (उत्तर येईपर्यंत थांब) लिहिलंच नव्हतं, 'एक्स्पेक्ट' पुढच्या 'देन'मध्ये होतं आणि ते प्रॉमिस परतही दिलं नव्हतं. जेस्टच्या लेखी टेस्ट आधीच संपली होती. मी एका टेस्टमध्ये '२०१ च्या जागी ९९९ आला पाहिजे' असं लिहून बघितलं, तरी हिरवी! ते बघून हात गार पडले. दादांना बोलावून दाखवलं, तेही खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतःच्या जुन्या टेस्ट उघडल्या. तिथेही तीन सापडल्या.

मग ब्रह्मगिरी दादांसारख्या रेघा मारल्या, खरोखर प्रिंट काढून, पेनने. आवक नोंदवायच्या कंट्रोलरमध्ये पाच रेघा आल्या. त्यातली आकडा वाचायची रेघ कंट्रोलरची नाहीच असं वाटलं, म्हणून ती उचलून वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये नेली. ते आधी देवनागरी अंक बदलतं, स्वल्पविराम काढतं, मग 'नंबर'ला देतं आणि शेवटी 'इज फायनाइट', म्हणजे खरा आकडा आहे का, विचारतं. त्याच्या बारा टेस्ट झाल्या आणि त्यांना मॉक लागतच नाही. '२५', '२५.४०', '१,२५०', रिकामं, नुसती जागा, 'पंचवीस', अर्धे अंक मराठी अर्धे इंग्रजी. शेवटची केस मुनीमकाकांनी सुचवली, घाईत असंही होतं म्हणाले.

कंट्रोलरच्या टेस्ट ३१ वरून १४ वर आल्या. त्यातल्या नऊ नो-गो. पंचवटी दादा, तुमचं ऐकून सहा सुपरटेस्टने पूर्ण रस्त्याने जाणाऱ्याही लिहिल्या. मार्गांचा क्रम, लॉगिन नसताना ४०१, मोडलेलं जेसन. नावं सगळी मराठीत.

लासलगाव काका, तुमचं लिहिणं मी दादांना आणि आमच्या मॅडमना मोठ्याने वाचून दाखवलं. 'वजन अवैध' काढून टाकलं. आता खरंच कळलं नाही तरच विचारतो: 'वजन समजलं नाही, पुन्हा टाका', आणि टाकलेलं पुसत नाही.

जुनी नॅनची नोंद काट्याच्या पावतीवरून दुरुस्त केली. पहाटेच्या पावत्यांच्या तारखा मात्र मागच्या तीन महिन्यांच्या तपासाव्या लागल्या, ते काम अजून चालू आहे.

---

पंचवटी_एक्सप्रेस | शनिवार, रात्री ८:३५

झकास. तो असिंकचा भाग वाचून मीही आमच्या टेस्ट चाळल्या. दोन सापडल्या. आणि बारा बिनमॉकच्या टेस्ट वाचून माझं पहिलं मत थोडं बदलतो: निर्णय बाहेर काढता येत असेल तर आधी तो बाहेर काढावा, मग जे उरेल ते रस्त्याने तपासावं.

---

गेजवाला | रविवार, सकाळी ६:५०

बेटा, चारचे नऊ केलेस. त्या ९९९ वाल्या टेस्टची एक प्रिंट काढून टेबलाजवळ लाव. अंबडला कधी आलीस तर वर्कशॉपवर ये, लाल पीस दाखवतो.

---

निफाडची | सोमवार, सकाळी ९:०५

येते काका, नक्की.

आज पहाटे ४:३५ ला पहिली गाडी लागली. मुनीमकाकांनी मराठीतच टाकलं, २२.६०. पावती आत्ता उघडून बघितली. वजन बरोबर, तारीख आजची.